मठाधिपती करायला निघाले होते, झाला भिक्षेकरी: थॉमस अक्वायनस

माळरान

रोमहून नेपल्सला जलद गाडीने सव्वा तासात पोचता येतं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही मुद्दाम कासिनोवरून जाणारी, दर स्टेशनाला थांबणारी गाडी धरली, कारण नवऱ्याला मोन्ते कासिनोचं युद्धस्मारक बघायचं होतं. मला फक्त खिडकी हवी होती. कासिनोच्या थोडं अलीकडे 'रोक्कासेक्का' अशी पाटी आली आणि मी जवळजवळ ओरडलेच, "अरे, हे तर थॉमसचं गाव!" समोरच्या बाकावरच्या आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि बोटाने वरचा डोंगर दाखवत म्हणाल्या, "सान तोम्माझो." डोंगरावर पडक्या भिंती दिसत होत्या. गाडी हलली. एवढंच माझं तीर्थाटन.

थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित, हे नाव मला एम.ए.च्या गाइडमधून माहीत. 'ईश्वराच्या अस्तित्वाचे पाच पुरावे सांगा', गुण दहा. पाठ केले, लिहिले, विसरले. या माणसाला त्याच्याच आईने पळवून आणून वर्षभर कोंडून ठेवलं होतं, हे गाइडात नव्हतं. परत आल्यावर वाचत गेले आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

जन्म १२२५च्या आसपास. वडील लान्दोल्फो, आई तेओदोरा, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या राज्यातलं सरदार घराणं. थोरल्या मुलांच्या हाती तलवार आणि धाकट्याला मठ, हा तिथला रिवाज. त्याप्रमाणे पाचेक वर्षांच्या थॉमसला शेजारच्या मोन्ते कासिनोला नेऊन सोडलं. हा मठ म्हणजे काही रानातली झोपडी नव्हती. ५२९च्या सुमारास संत बेनेडिक्टने स्थापलेला, सगळ्या पाश्चात्त्य मठांचा मूळपुरुष म्हणावा असा. तिथला मठाधिपती गावं, शेतं, महसूल सांभाळायचा, त्याचा रुबाब सरदारापेक्षा कमी नव्हता. घरच्यांचा हिशेब सरळ होता: पोरगं शिकेल, मठातच वाढेल, आणि उद्या त्या गादीवर बसेल.

१२३९मध्ये पोप आणि सम्राटाचं बिनसलं, मठात सैन्य घुसलं, आणि मुलाला पुढच्या शिक्षणासाठी नेपल्सला धाडलं. इथेच सगळं फिसकटलं. नेपल्सचं विद्यापीठ फ्रेडरिकने १२२४मध्ये काढलेलं. अॅरिस्टॉटलचे निसर्गावरचे ग्रंथ पॅरिसमध्ये शिकवायला त्या शतकाच्या सुरुवातीला बंदी घातली होती, नेपल्समध्ये मात्र ते उघडपणे वाचले जात. थॉमसने तिथे दोन गोष्टी पाहिल्या. एक अॅरिस्टॉटल. दुसरी डॉमिनिकन.

डॉमिनिकन म्हणजे तेव्हाचा नवा पंथ, पोपची मान्यता १२१६ची. पांढरा झगा, वर काळी कफनी, पायी फिरायचं, लोकांनी घातलेल्या भिकेवर जगायचं, शिकायचं, प्रवचन करायचं. सरदाराच्या मुलाने यांच्यात जाणं म्हणजे घराण्याच्या अब्रूची वासलात. १२४४मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो गेला.

पंथाच्या लोकांना घरच्यांचा अंदाज होता, म्हणून त्यांनी त्याला घाईघाईने उत्तरेकडे रवाना केलं. रोमच्या वरच्या बाजूला आक्वापेन्देन्तेजवळ भावाने माणसं घेऊन गाठलंच. आईचा हुकूम होता. अंगावरचा झगा ओढून काढायचा प्रयत्न झाला, त्याने तो घट्ट धरून ठेवला. मग घरच्याच गढीत, रोक्कासेक्काला, वर्षभराहून जास्त नजरकैद. या काळात भावांनी त्याच्या खोलीत एक वेश्या पाठवली आणि त्याने चुलीतलं जळतं लाकूड उचलून तिला पळवून लावलं, अशी गोष्ट आहे. चरित्रकारांना ती फार आवडते. मला त्यापेक्षा हे आवडतं, की कोंडलेल्या अवस्थेत तो बहिणीला बायबल शिकवत बसला आणि ती बहीण पुढे जोगीण झाली. आईने एकाला सोडवायला जावं आणि दुसरीही हातची जावी!

शेवटी सोडलं. मग पॅरिस, मग १२४८ला कोलोन, आल्बर्ट द ग्रेट या डॉमिनिकन पंडिताच्या हाताखाली. थॉमस अंगाने आडवातिडवा आणि बोलायला अगदी कमी, म्हणून सोबतचे विद्यार्थी 'मुका बैल' म्हणायचे. या बैलाचं हंबरणं एक दिवस जगभर ऐकू जाईल, असं आल्बर्ट म्हणाल्याची आख्यायिका आहे. १२५६मध्ये पॅरिसला धर्मशास्त्राचा आचार्य. मग पुन्हा इटली: ऑर्व्हिएतो, रोम. पुन्हा पॅरिस १२६८ ते १२७२. पुन्हा नेपल्स. हे सगळं पायी, कारण डॉमिनिकनांना घोडा वर्ज्य.

लिहिलं किती? ऐंशी लाख शब्दांच्या आसपास, साधारण पंचवीस वर्षांत. सर्वांत प्रसिद्ध 'सुम्मा थेओलोजिए', ५१२ प्रश्न, २६६९ प्रकरणं. नवशिक्यांसाठी लिहितोय, असं प्रस्तावनेत म्हणतो. (नवशिक्यांनी काय पाप केलं होतं?) तीन-चार लेखनिकांना एकाच वेळी वेगवेगळे विषय सांगायचा म्हणे.

आणि मग ६ डिसेंबर १२७३. संत निकोलसचा सण. नेपल्समध्ये सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, केली, आणि त्यानंतर लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. सुम्माचा तिसरा भाग प्रायश्चित्ताच्या संस्कारापर्यंत येऊन थांबलेला. रेजिनाल्ड नावाचा जन्माचा सोबती मागे लागला, तेव्हा उत्तर मिळालं: मी जे पाहिलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं मला गवताच्या काडीसारखं वाटतं. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ला, ल्योंच्या धर्मपरिषदेला जाताना वाटेत फोस्सानोव्हाच्या मठात वारला. वय एकोणपन्नासच्या आत-बाहेर.

मला विचाराल तर त्या शेवटच्या मौनाचं लोकांनी फार केलंय. माझ्या मते माणूस कळतो तो एकोणिसाव्या वर्षी झगा घट्ट धरून ठेवला तिथे. तुम्हाला काय वाटतं?

अर्धवट_वाचक

वाचतोय. चहा संपला, दुसरा ठेवलाय.

एक बाळबोध शंका. तुम्ही मठ, मठाधिपती, भिक्षेकरी सगळं एका दमात म्हणताय. मग हा 'मंक' होता का नव्हता?

वसईकर

त्याचं उत्तर मी देतो. लोक नेहमी घोळ करतात.

बेनेडिक्टचा मठवासी एका मठाला बांधलेला असतो. शपथच तशी घेतो, मरेपर्यंत इथेच. मठाच्या जमिनी असतात, द्राक्षमळे असतात, दिवसाचे प्रार्थनेचे तास ठरलेले असतात. डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन हे फिरते. त्यांना 'फ्रायर' म्हणतात, भाऊ या अर्थी. शहरात राहायचं, विद्यापीठात शिकवायचं, रस्त्यात उभं राहून बोलायचं. त्या काळी मोठी माणसं यांच्याकडे संशयाने बघत असत, पॅरिसच्या प्राध्यापकांनी तर या भिक्षेकऱ्यांना विद्यापीठात जागाच देऊ नये म्हणून दंगा केला होता. तेव्हा थॉमस लहानपणी मठातला आणि मोठेपणी फ्रायर. मरणही पुन्हा मठातच आलं, फोस्सानोव्हा हा सिस्टर्शियन लोकांचा, म्हणजे बेनेडिक्टच्याच नियमाने चालणारा.

आमच्या वसईच्या किल्ल्यात गेलात तर डॉमिनिकनांच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. पोरं तिथे प्री-वेडिंगचे फोटो काढतात. चालायचंच.

आता माझं स्वतःचं. मी वयाच्या नवव्या वर्षापासून थॉमसचं लिखाण म्हणत होतो आणि मला पत्ता नव्हता. पूर्वी आमच्याकडे संध्याकाळच्या आशीर्वादाच्या वेळी लॅटिन गाणं असे, 'तान्तुम एर्गो साक्रामेन्तुम'. धुपाचा वास, फादरांची पाठ आमच्याकडे, आणि आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून ओरडणार. अर्थ शून्य. माझा भाऊ तर 'तान्तुम एर्गो'च्या चालीवर आमच्या कादोडी बोलीतले भलतेच शब्द बसवून म्हणायचा आणि एकदा आईच्या हातचा मार खाल्ला. पुढे व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आलं. सेवानिवृत्तीनंतर वाचलं, की पोप चौथ्या अर्बनने १२६४मध्ये ख्रिस्तदेहाचा सण सर्व चर्चला लावून दिला, त्या सणाची स्तोत्रं थॉमसने ऑर्व्हिएतोत रचली, आणि आमचं 'तान्तुम एर्गो' म्हणजे त्यातल्याच एका स्तोत्राची शेवटची दोन कडवी. ऐंशी लाख शब्दांपैकी आमच्या वाट्याला आलेल्या त्या बारा ओळी. पण त्या तोंडपाठ आहेत, आजही.

माळरान

काका, दंडवत! हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. आणि मठ-फ्रायर फरक मी नीट सांगायला हवा होता, मान्य.

शंकेखोर

लेख छान, पण आरती जरा जास्त झाली.

याच 'नवशिक्यांच्या' पुस्तकात दुसऱ्या भागात पाखंड्यांबद्दल काय लिहिलंय ते सांगायचं राहून गेलं वाटतं. खोटी नाणी पाडणाऱ्याला राजा देहदंड देतो, मग आत्म्याचं जीवन नासवणाऱ्याला का नको, असा सरळ युक्तिवाद आहे. एकदा-दोनदा समज द्यायची, ऐकलं नाही तर चर्चने बहिष्कृत करून राजसत्तेच्या हवाली करायचं. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. शिवाय स्त्री म्हणजे निसर्गाचा थोडा चुकलेला पुरुष, हे अॅरिस्टॉटलचं मतही त्याने उचललं. आईने कोंडलं म्हणून कळवळा येतो, तर बाकीचंही येऊ द्या.

गोंयकार_पोर

शंकेखोर +१, पण थोडी भर.

मी जुन्या गोव्याजवळचा. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं बंद होतं. तिथे खटले भरले जात ते मुख्यतः कुणावर? बाप्तिस्मा झालेल्यांवर. घरात गुपचूप जुने विधी केले, लग्नात अमुक गाणी म्हटली, तमुक प्रसंगी जुन्या पद्धतीचा स्वयंपाक केला, म्हणून. बाप्तिस्मा न झालेल्या हिंदूंना दुसऱ्या कायद्यांचा जाच होता आणि तोही काही कमी नव्हता, पण 'पाखंडी' हा शब्द कायद्याने लागायचा तो आत आलेल्याला.

ही भेदरेषा थॉमसकडे स्पष्ट आहे. ज्याने श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये, कारण विश्वास ठेवणं हे इच्छेचं काम आहे, असं तो म्हणतो. आणि ज्याने एकदा स्वीकारली, त्याला दिलेलं वचन पाळायला भाग पाडावं. वाचताना पहिलं वाक्य बरं वाटतं. दुसऱ्या वाक्यात माझे पूर्वज अडकले. आमच्या पणजीच्या घरात कांही गोष्टी दार लावून करायची सवय पार तिच्यापर्यंत टिकली होती, का करतो ते तिलाही माहीत नव्हतं.

हे विचार त्याच्या आधीपासून होते, त्याने शोधले नाहीत. पण त्याने ते इतके नीट लावून दिले, की पुढच्यांना वापरायला सोपे झाले.

माळरान

शंकेखोर, गोंयकार, हे मी टाळलं हे खरं. विसरले नव्हते, टाळलं. लेख सुंदर व्हावा या मोहात. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रतिसाद लेखाचाच भाग समजावेत.

पणजीचं वाचून गप्प झाले.

आता ज्यासाठी मला तो तरीही वाचावासा वाटतो ते सांगते. सुम्मातलं कुठलंही प्रकरण काढा, सुरुवात विरोधकापासून होते. 'ईश्वर आहे का?' हेच घ्या. पहिलं वाक्य: ईश्वर नाही असं दिसतं. मग दोन आक्षेप. एक, ईश्वर म्हणजे अमर्याद चांगुलपणा, तो असता तर वाईट शिल्लकच राहिलं नसतं, आणि जगात वाईट तर आहे. दोन, निसर्गातल्या गोष्टींची कारणं निसर्गात सापडतात, माणसाच्या कृतींची माणसाच्या बुद्धीत नि इच्छेत, मग ईश्वर मानायची गरज काय? सातशे पन्नास वर्षांनंतर मित्रमंडळींत रात्री दोन वाजता वाद रंगतो तेव्हा याच दोन मुद्द्यांवर रंगतो. एका धर्मगुरूने ते आपल्याच पुस्तकात, सर्वांत आधी, कसलीही खिल्ली न उडवता मांडले. मग 'परंतु याउलट' म्हणून एक वचन, मग 'मी उत्तर देतो', त्यात गाइडमधले ते पाच पुरावे, आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना एकेक उत्तर.

आपल्याकडचा पूर्वपक्ष-सिद्धान्त ज्यांनी वाचलाय त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. त्याला आपलं काही ठाऊक नव्हतं, हा साचा पॅरिसच्या वर्गातल्या जाहीर वादविवादातून आला. पण इब्न सीना नि इब्न रुश्द हे मुस्लिम तत्त्वज्ञ आणि ज्यू पंडित मायमोनिडीझ यांना तो सतत समोर बसवतो. अॅरिस्टॉटलला नुसतं 'तत्त्वज्ञ' म्हणतो आणि इब्न रुश्दला 'भाष्यकार'. त्याच भाष्यकाराशी, सगळ्या माणसांत मिळून बुद्धी एकच की प्रत्येकाची वेगळी, यावर १२७०मध्ये कडकडून भांडतोही.

मोडीवाली

मी हस्तलिखितांच्या बाजूने येते. :)

याचं हस्ताक्षर या क्षेत्रात बदनाम आहे. त्याला नावच पडलंय 'लित्तेरा इनिन्तेलिजिबिलिस', न वाचता येणारी लिपी. 'सुम्मा कोन्त्रा जेन्तीलेस' या ग्रंथाचा त्याच्या हातचा मोठा भाग व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. मी त्याची छायाचित्रं पडद्यावर मोठी करून पाहिली. अक्षरं म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या. शब्दांची शेपटं खाल्लेली, अर्धे शब्द नुसत्या खुणांनी, मध्येच पूर्ण परिच्छेद काट मारून शेजारी नव्याने. मोडीची घसट वाचून डोळे गेलेली मी, पण इथे हात टेकले. जगात हे सहज वाचू शकणारी माणसं अगदी मोजकी.

त्यामुळे तो लेखनिकांना सांगून लिहवून घ्यायचा हे एकदम पटतं. तीन-चार जणांना एकदम सांगायचा ही गोष्ट भक्तांनी वाढवलेली असेलही, पण त्याने स्वतः लिहून दिलं असतं तर आज हा धागाच निघाला नसता.

खाडाखोड बघताना एक जाणवलं. छापील सुम्मा वाचताना वाटतं माणूस कधी अडखळतच नाही. कागदावर मात्र तो सारखा अडखळतो, मागे येतो, उदाहरण बदलतो.

डॉ_बंडू

६ डिसेंबरबद्दल. दर वेळी कुणीतरी मला विचारतं, डॉक्टर, तो झटका होता का हो? साडेसातशे वर्षांपूर्वीच्या पेशंटला तपासता येत नाही, फाइल पण नीट नाही. 😀

फाइल म्हणजे काय ते बघा. 'गवताची काडी' हे वाक्य रेजिनाल्डने ऐकलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, असं करत करत १३१९मध्ये नेपल्सला संतपदासाठी चौकशी बसली तेव्हा कापुआच्या बार्थोलोम्यूच्या साक्षीत नोंदलं गेलं. शेहेचाळीस वर्षांनंतर, कानगोष्टीने. पुढे प्रवासात रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडाच्या फांदीवर डोकं आपटल्याचीही नोंद आहे. थकवा म्हणा, मेंदूचं काही म्हणा, साक्षात्कार म्हणा. मला एवढंच दिसतं, की वर्षानुवर्षं कमी झोपून राक्षसासारखं काम करणारा माणूस एके दिवशी थांबला. असे पेशंट मी पाहिलेत. ते 'काडी'सारखंच काहीतरी म्हणतात.

अवांतर: शेवटच्या आजारपणात मायेन्त्साला भाचीच्या गढीत असताना अन्नावरची वासनाच गेली. काय खावंसं वाटतं विचारलं तर म्हणाला, ताजं हेरिंग, पॅरिसला खायचो तसं. इटलीत हेरिंग कुठून आणणार? तेवढ्यात मासेवाला आला, म्हणाला तारल्या आणल्यात, आणि एक टोपली उघडली तर हेरिंग! हा चमत्कार म्हणून चौकशीत नोंदलाय. ज्यांनी आजाऱ्याचं तोंड कधी फिरलेलं पाहिलंय त्यांना हा चमत्कार पटेल.

अर्धवट_वाचक

>> ताजं हेरिंग

ऐंशी लाख शब्द, पाच पुरावे आणि शेवटी मासा. हा माणूस आता मला आवडायला लागला.

प्रश्न: हे सगळं लॅटिनमध्ये, पंडितांसाठी. सामान्य माणसांशी कधी बोलला का? साधारण त्याच सुमारास आपल्याकडे माउली मराठीत सांगत होती म्हणून विचारतो.

माळरान

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०. थॉमस जाऊन सोळा वर्षं झाली होती. तुलनेचा मोह मलाही होतो पण दोघांची कामं फारच वेगळी, सोडून देऊ.

बोलला मात्र. १२७३च्या उपवासकाळात, म्हणजे लेखणी ठेवण्याच्या काही महिने आधी, नेपल्समध्ये तो रोज लोकांपुढे प्रवचन करत असे, आणि तेही तिथल्या बोलीत. श्रद्धेचा अंगीकार, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', दहा आज्ञा असे साधे विषय. वर्षानुवर्षं परदेशी शिकवून आलेला माणूस मातृभाषेतच बोलत होता. पण आपल्या हाती आलं ते लॅटिन, कारण टिपणं लॅटिनमध्ये घेतली गेली. बोली हवेत विरली.

तुलूझमधला_तात्या

अरे वा, माझ्या गल्लीतला विषय!

मी अकरा वर्षं तुलूझला आहे. ऑफिस विमानांचं, घर जुन्या गावात. थॉमस इटलीत जन्मला, इटलीत मेला, आणि त्याची हाडं आमच्याकडे फ्रान्समध्ये. फोस्सानोव्हाचे साधू देह सोडायला तयार नव्हते, डॉमिनिकन मागत राहिले, जवळपास शतकभर ओढाताण चालली. गंमत म्हणजे पहिली मागणी पॅरिसच्या विद्यापीठाची, मे १२७४ची, आणि ती धर्मशास्त्रवाल्यांनी केली नव्हती, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या कला शाखेने केली होती. शेवटी २८ जानेवारी १३६९ला अवशेष तुलूझला आले. म्हणून आता सणही २८ जानेवारीला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत शेजारच्या सॅं-सेर्नॅं चर्चमध्ये हलवले, ते १९७४मध्ये परत जाकोबॅं चर्चमध्ये.

हे चर्च पाहायला हवं. बाहेरून नुसती विटांची भिंत, जुन्या गिरणीसारखी. आत शिरलं की मधोमध खांबांची एकच रांग, आणि शेवटच्या खांबाला वर जाऊन बावीस फांद्या फुटतात, माडासारख्या. लोक त्याला ताडच म्हणतात. उंची अठ्ठावीस मीटर. थॉमस वेदीखाली सोनेरी पेटीत. पेटी माझ्या आईच्या पितळी पानाच्या डब्यासारखी दिसते (मोठी, अर्थात). आई आली होती तेव्हा तिला नेलं. तिने विचारलं, कोण हा? म्हटलं, फार शिकलेला साधू. ती म्हणाली, मग एवढ्या लांब कशाला आणलं त्याला, आपल्या गावी ठेवायचं. माझ्याकडे बघून म्हणाली. मी विषय बदलला.

इटलीत प्रिव्हेर्नोलाही त्याची म्हणून एक कवटी आहे. दोन कवट्यांचा वाद डॉ. बंडूंकडे सोपवतो.

डॉ_बंडू

नको. माझी ओपीडी आहे.

शंकेखोर

तात्या, भारी. एक जोडतो, नाहीतर मी फक्त टीकाच करतो असं होईल.

ज्याच्या नावाने पुढे चर्चने इतरांना गप्प केलं, तो स्वतः आधी त्याच चर्चच्या तडाख्यात सापडला होता. मृत्यूला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ७ मार्च १२७७ला, पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली. रोख अॅरिस्टॉटलच्या वेड लागलेल्यांवर होता, पण काही विधानं थॉमसच्या मतांना चाटून जाणारी होती. १३२३ला संतपद मिळालं, मग १३२५मध्ये पॅरिसने त्याच्यापुरती ती बंदी मागे घेतली. १५६७मध्ये चर्चचा आचार्य, आणि १८७९मध्ये पोप तेराव्या लिओने फर्मान काढलं, की शिकवायचं तर हेच शिकवा. सहाशे वर्षांत संशयितापासून पाठ्यपुस्तकापर्यंत. पाठ्यपुस्तक झाला तेव्हाच खरा मेला, असं माझं मत.

वसईकर

शंकेखोर, तुमचं शेवटचं वाक्य मान्य नाही, पण समजतं. सेमिनरीत शिकलेला माझा मित्र म्हणायचा, आम्हाला थॉमस शिकवला नाही, थॉमसचं गाइड शिकवलं.

माळरानताई, युद्धस्मारक पाहिलंत का मग?

माळरान

पाहिलं काका. मोन्ते कासिनोवर १५ फेब्रुवारी १९४४ला बॉम्ब टाकून पूर्ण मठ जमीनदोस्त केला होता, आताचा आहे तो युद्धानंतर पुन्हा उभारलेला. थॉमसच्या लहानपणचा दगड तिथे फारसा उरला नसावा. खाली राष्ट्रकुलाची दफनभूमी आणि स्मारक आहे. त्यावर ज्यांचं थडगं सापडलं नाही त्यांची नावं. नवरा माणगावचा, त्याला नाईक यशवंत घाडगे यांचं नाव शोधायचं होतं. मराठा लाइट इन्फन्ट्री, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ला वर टायबरच्या खोऱ्यात पडले. नाव सापडलं. तो बराच वेळ त्यावर हात ठेवून उभा होता. मग आम्ही टॅक्सीने वर मठात गेलो.

मोडीवाली

धागा शांत झालेला दिसतोय, पण एक दुरुस्ती करायची राहिली, आणि ती आता कासिनोचा विषय निघाल्यावर केलीच पाहिजे.

माळरान, तू लिहिलंस की ६ डिसेंबरनंतर त्याने एक ओळ लिहिली नाही. लिहिली.

१२७४च्या फेब्रुवारीत तो ल्योंला निघाला असताना वाट कासिनोच्या पायथ्याजवळून जात होती. तिथला मठाधिपती बर्नार्ड आयग्लिएर याने निरोप धाडला: पोप ग्रेगरीच्या ग्रंथातला एक उतारा आमच्या साधूंना उलगडत नाही, ईश्वराला सगळं आधीच माहीत असेल तर माणसाच्या इच्छेला अर्थ काय उरतो, वर येऊन समजावून द्या. थॉमस गेला नाही. उपवासाचे दिवस आहेत, तुमची उपासना लांब चालते, त्यामुळे येणं जमत नाही, असं त्याने कळवलं, आणि म्हटलं, लिहून दिलं तर आत्ताच्यांप्रमाणे पुढच्यांनाही उपयोगी पडेल. मग छोटं उत्तर सांगितलं: एखाद्याला बसलेलं मी पाहतो म्हणून काही तो बसत नाही, तसं ईश्वराच्या पाहण्याने माणसाचं करणं ठरत नाही. ते उत्तर मठातल्या ग्रेगरीच्या त्याच पोथीत, त्याच उताऱ्याशेजारी, समासात उतरवलं आहे. महिनाभरात तो गेला.

ती पोथी बचावली, कारण १९४३च्या शरदात मठाचा ग्रंथसंग्रह खोक्यांत भरून रोमला हलवला होता. भिंती पडल्या, समास राहिला.

आता ती पुन्हा मठातच आहे.

माळरान

मोडीवाली, दुरुस्ती शिरसावंद्य. मूळ लेखातलं ते वाक्य तसंच ठेवते, म्हणजे तुझा प्रतिसाद लोकांना कळेल.

म्हणजे ज्या मठाचा अधिपती व्हायचं त्याने टाळलं, त्याच मठाच्या अधिपतीला शेवटचं उत्तर लिहून दिलं, आणि तेव्हाही वर गेला नाहीच!

आणि मी वर जाऊन आले. अंगणात फोटो काढले, दुकानातून मध घेतला, पावणेपाचची बस चुकू नये म्हणून धावत खाली आले. पोथी त्याच इमारतीत कुठेतरी होती. मधाची बाटली अर्धी उरलीय, ओट्यावर समोरच आहे.